साखळीला बांधलेल्या कुत्र्यासाठी कुंपण घालायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळी वाट

वर्षानुवर्षं एकाच खुंटीला बांधलेल्या कुत्र्याची जागा लांबूनही ओळखू येते. खुंटीभोवती जमिनीचा एक गोल असतो. त्यात गवताची काडी उरलेली नसते आणि कडेने पावलांनी पडलेली खोलगट वाट असते. खाणं, झोप, शी-शू सगळं त्याच गोलात. सहा फुटांच्या साखळीला असा गोल साधारण ११३ चौरस फुटांचा मिळतो. तिथेच तीस बाय तीस फुटांचं कुंपण घातलं की ९०० चौरस फूट होतात, म्हणजे जवळपास आठपट. मानेवरची ओढ जाते, साखळी पायात गुंतत नाही आणि सावली सरकली की कुत्र्यालाही तिच्यासोबत सरकता येतं.

स्वयंसेवकांनी एकत्र येऊन, मालकाकडून पैसे न घेता असं कुंपण घालून द्यायचं, ही पद्धत आता काही ठिकाणी चांगली रुळली आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ‘फेन्सेस फॉर फायडो’ हा गट २००९ पासून हेच काम करतो. मीही अशा कामांवर जाते. नवीन येणारे बहुतेक जण पहार आणि जाळीची तयारी करून येतात, पण अडतात ते मालकाशी बोलताना, कागदांपाशी आणि फाटकापाशी. म्हणून त्या तीन ठिकाणी मी जास्त वेळ थांबणार आहे.

१. एकट्याने सुरुवात करू नका

आधी एखाद्या चालू गटासोबत दोन-तीन कुंपणांवर हातभार लावा. गट नसेल तर निदान चार-पाच माणसं जमवा. त्यात एकाला लोखंडी काम येत असावं, एकाला कुत्र्यांची सवय असावी आणि एकाला माणसांशी बोलता यावं. हा तिसरा माणूस सगळ्यात मोलाचा.

२. मालकाशी बोला, आणि आधी ऐकून घ्या

मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत, तर कुत्रा साखळीलाच राहतो. हे मी अगदी ठामपणे सांगते. बांधून ठेवणारी बरीच माणसं कुत्र्यावर जीव लावणारी असतात. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो, किंवा तो आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.

दारात गेल्यावर पहिलं वाक्य कुत्र्याबद्दल चांगलं असू द्या. “छान आहे हो कुत्रा. नाव काय त्याचं?” इथून गप्पा सुरू होतात. “असं बांधून ठेवणं क्रूरपणा आहे” इथून सुरुवात केली की दार बंद होतं, आणि तुमच्यामागून येणाऱ्या पुढच्या स्वयंसेवकासाठीही ते बंदच राहतं.

मग विचारा की बांधावं का लागतं. उत्तर नीट ऐका, कारण कुंपण कसं घालायचं हे त्या उत्तरावर ठरतं:

- “भिंत पडलीय, तिथून पळतो.” मग कदाचित अख्ख्या कुंपणाची गरजच नाही, भिंत दुरुस्त केली की झालं.
- “शेजारच्यांच्या अंगावर धावला होता.” इथे कुंपण उंच हवं, फाटकाला कुलूप हवं आणि शेजाऱ्यांशीही आधी बोलायला हवं.
- “कुत्री माजावर आली की गल्लीतले सगळे कुत्रे जमतात.” याचा इलाज नसबंदी आहे. माजावरच्या कुत्रीपर्यंत पोचायला नर कुंपणावरून उडी मारतात, खालून खणतात.
- “घर भाड्याचं आहे, घरमालक आत घेऊ देत नाही.” मग तुमचं खरं बोलणं घरमालकाशी आहे.
- “पोरं घाबरतात.” मुलांच्या खेळण्याची जागा आणि कुत्र्याची जागा वेगळी राहील अशी आखणी करा.

कुत्रा राखणीसाठी बांधलाय असं सांगणारेही भेटतील. त्यांना एवढंच दाखवा की साखळीतला कुत्रा साखळी पोचते तिथपर्यंतच राखण करतो, मोकळा कुत्रा कुंपणाच्या चारही बाजूंना फिरतो. शिवाय बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तर पळायला जागा नसते, त्यामुळे तो चावण्याकडे वळतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेच्या डेन्व्हर शहरातल्या एका अभ्यासात चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये अंगणात साखळीला बांधलेल्यांचं प्रमाण न चावणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं होतं. घरात लहान मूल असेल तर हा मुद्दा लगेच पटतो.

पहिल्या भेटीत होकार मिळालाच पाहिजे असं नाही. पाण्याचं जड भांडं द्या, रुतत असलेला गळपट्टा बदलून देऊ का विचारा, आणि परत या. दिलेल्या दिवशी परत आलात की विश्वास बसतो.

एक गोष्ट मात्र निक्षून. मालकाच्या परवानगीशिवाय आवारात पाय टाकायचा नाही, आणि कुत्रा सोडवून न्यायचा तर नाहीच. कुत्रा उपाशी आहे, जखमी आहे, मालक ऐकत नाही, अशी वेळ आली तर तो विषय कुंपणाचा राहत नाही. तारखेसह नोंद ठेवा, रस्त्यावरून दिसतं तेवढ्याचे फोटो घ्या आणि प्राणी-क्रूरतेच्या तक्रारी घेणाऱ्या यंत्रणेकडे जा.

३. कायदा माहीत असू द्या, पण खिशात ठेवा

कायदा जागोजागी वेगळा आहे. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं, या दोन्हींना क्रूरता मानतं. कॅलिफोर्नियात कुत्रा एका जागी बांधण्याची सर्वसाधारण मर्यादा चोवीस तासांत तीन तासांची आहे. ओरेगनमध्ये २०१३ च्या कायद्याने ती दहा तासांवर आणली, आणि साखळी सरकत्या तारेवर असेल तर पंधरा. जर्मनीत २०२३ पासून कुत्रा बांधून पाळणं बंद आहे, कामाच्या कुत्र्यांना अटींवर सूट मिळते.

तुमच्या भागातला नियम वाचून जा. पहिल्याच भेटीत तो ऐकवू नका. मालकाने स्वतः विचारलं तर नेमकं सांगता आलं पाहिजे, इतकंच.

४. कागद आधी, खड्डे नंतर

काम सुरू होण्याआधी हे हातात हवं:

- मालकाची लेखी संमती. त्यात कुंपण कुठून कुठपर्यंत, किती उंच, फाटक कुठे, हे रेखाचित्रासह असावं.
- घर भाड्याचं असेल तर जागेच्या मालकाचीही लेखी संमती. नवीन गट सगळ्यात जास्त वेळा फसतात ते इथेच. भाडेकरू आनंदाने हो म्हणतो, कुंपण उभं राहतं आणि घरमालक येऊन ते काढायला लावतो.
- जागेची हद्द कुठे आहे याचा कागद, निदान शेजाऱ्यासमोर झालेली स्पष्ट खूण.
- रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र आणि नसबंदीची नोंद. झालेली नसेल तर कुंपणाआधी करून घ्यायचं ठरवा. कुंपण झाल्यावर ते काम मागे पडतं.
- कुंपणानंतर कुत्रा पुन्हा साखळीला बांधणार नाही, असं मालकाने दिलेलं लेखी वचन.
- फोटो काढून वापरायचे असतील तर त्याची वेगळी परवानगी. घराचा पत्ता, नंबर, मुलांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका.
- स्वयंसेवकांची यादी, प्रत्येकाचा तातडीचा संपर्क आणि धनुर्वाताची लस झाली आहे का याची नोंद.

एका उंचीपुढच्या कुंपणाला काही ठिकाणी स्थानिक परवाना लागतो, तोही विचारून घ्या. जमिनीखालून वीज, पाणी, गॅस, सांडपाणी यांपैकी काय काय गेलंय हे कळल्याशिवाय पहार मारू नका.

५. कुत्र्याला नीट पाहा

साखळी जिथपर्यंत पोचते त्या गोलाच्या बाहेर उभं राहा. अंग थोडं तिरकं ठेवा, डोळ्यात डोळे घालू नका, हात पुढे करू नका. शेपटी हलतेय म्हणजे तो खूशच आहे असं धरून चालू नका.

मानेकडे लक्ष द्या. पट्ट्याच्या रेषेत केस गेलेत का, कातडी लाल आहे का, वास येतोय का. पिल्लू असताना घातलेला पट्टा कुत्रा वाढला तरी सैल केला नाही, तर तो मांसात रुततो. असा पट्टा स्वतः कापायला जाऊ नका. कुत्र्याला गुंगी देऊन तो पशुवैद्यानेच काढायचा असतो, आणि हे काम कुंपणाच्या आधीचं.

लंगडतोय का, नखं वाढून वळलीत का, पोट फुगलंय का, हेही टिपून घ्या. त्याचा स्वभावही पाहा. जमीन उकरतो का? भिंतीवर चढायचा प्रयत्न करतो का? दोन कुत्रे शेजारी-शेजारी बांधलेले असतील तर ते मोकळेपणी कधी भेटलेच नसतील, आणि एकाच कुंपणात सोडल्यावर भांडतील. अशा वेळी मध्ये आडवी जाळी घालून सुरुवात करावी लागते.

६. जागा मोजा

दुपारी जा. सकाळी सावलीत असलेला कोपरा दुपारी भट्टीसारखा तापलेला असू शकतो. दिवसभरात कुठलीतरी सावली कुंपणाच्या आत राहिली पाहिजे. झाड नसेल तर छत करावं लागेल, ते सामानाच्या यादीत धरा.

जाळी तेवढीच असली तरी आकारावर जागा ठरते. १२० फूट जाळीत ३० बाय ३० चा चौरस केला तर ९०० चौरस फूट मिळतात, ४० बाय २० केलं तर ८०० आणि ५० बाय १० केलं तर ५०० च. घराची किंवा आवाराची पक्की भिंत एक बाजू म्हणून वापरता आली तर फारच चांगलं. १०० फूट जाळी तीन बाजूंना, भिंतीलगत ५० फूट आणि आत २५ फूट अशी लावली, तर १,२५० चौरस फूट होतात.

पाणी कुठे साचतं, उतार कुठे आहे हे पाहा. उतारावर जाळी आणि जमीन यांच्यात फट राहते आणि कुत्रा तीच शोधतो.

७. सामान आणि अवजारं

जाळी: गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश (जस्ताचा मुलामा दिलेली, सांध्यांवर वेल्ड केलेली जाळी), दोन बाय चार इंचांची घरं, १४ गेज किंवा त्याहून जाड (गेजचा आकडा जितका कमी, तितकी तार जाड). उंची पाच फूट, उडी मारणाऱ्या कुत्र्यासाठी सहा. चेनलिंक (तारा एकमेकींत गुंफलेली) जाळीही चालते, पण ती ताणायला जास्त मेहनत लागते. कोंबड्यांची बारीक षटकोनी जाळी कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, कुत्रा ती दातांनी फाडतो आणि तोंड कापून घेतो. काटेरी तार तर अजिबात नको.

खांब: जाळीसाठी दर आठ फुटांवर एक लोखंडी खांब. चार कोपरे आणि फाटकाच्या दोन्ही बाजू यांना जास्त जाड खांब. साधा हिशोब असा, की खांबाच्या लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत जातो. पाच फूट कुंपणाला साडेसात फुटांचा खांब, त्यातला अडीच फूट खाली.

बाकी: फाटक, बिजागऱ्या, कडी, बांधायची तार, कोपऱ्यांसाठी तिरके टेके, खांबांच्या डोक्यावर बसवायच्या टोप्या, थोडं काँक्रीट. अवजारांत पहार, फावडं, घमेलं, खांब ठोकायचा दट्ट्या, तार कापायचा कटर, पक्कड, मोजायची टेप, दोरी, पाणसळ. प्रत्येकाला जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, कारण ताणलेली तार सुटली की चाबकासारखी येते. प्रथमोपचाराची पेटी, साबण आणि भरपूर पाणी.

८. कोपऱ्यांचे खांब काही दिवस आधी

सगळं एकाच दिवसात उरकायचा मोह होतो. पण ताज्या काँक्रीटमधल्या खांबावर जाळी ताणली की खांब आत झुकतो आणि नंतर तो सरळ होत नाही. दोन-तीन जणांनी आधी जाऊन कोपऱ्यांचे आणि फाटकाचे खांब पुरून यावं, काँक्रीटला सुकायला दोन-चार दिवस द्यावेत.

कोपरा काटकोनात आहे का हे दोरीने तपासता येतं. कोपऱ्यापासून एका बाजूला सहा फूट, दुसऱ्या बाजूला आठ फूट खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर दहा फूट भरलं की काटकोन झाला. प्रत्येक कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी तिरका टेका द्या, सगळा ताण तिथेच येतो.

९. मुख्य कामाचा दिवस

सकाळी सगळ्यात आधी कुत्र्याची सोय. त्याच्यासाठी एकच माणूस नेमा आणि त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम देऊ नका. घरात, शेडमध्ये, नाहीतर आवाराच्या दुसऱ्या टोकाला मालकासोबत कुत्रा थांबू दे. ठोकाठोकी आणि अनोळखी माणसं पाहून तो बिथरला तर ते साहजिक आहे. कोणाला दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कुत्र्याची लस झाली असली तरीही.

मग दोरी लावून मधले खांब ठोका. जाळी खांबांच्या आतल्या बाजूने लावा. कुत्रा जाळीवर पंजे टेकतो तेव्हा ती खांबावर दाबली जाते. बाहेरून लावली तर सगळा भार बांधलेल्या तारांवर येतो आणि त्या एकेक करून सुटतात. कोपऱ्यापासून सुरू करा, जाळीच्या टोकात एक सरळ सळई ओवा आणि दोघांनी ती ओढत ताण द्या. आधी वरची कड बांधा, मग मध्य, मग खालची कड. तारांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून दाबा. बोट फिरवून पाहा, कुठेही टोचता कामा नये.

कापलेल्या तारेचे तुकडे पडतील तसे बादलीत टाका. शेवटी गवतातून ते शोधून काढणं जवळजवळ अशक्य असतं, आणि कुत्र्याच्या पंजात किंवा पोटात गेलेला इंचभर तुकडा जिवावर बेतू शकतो. जुने खिळे, काचा, प्लास्टिक हेही त्याच वेळी उचला.

१०. फाटक

कुत्रे पळतात ते बहुतेक फाटकातून. म्हणून ते सगळ्यात अनुभवी हातांकडे द्या.

फाटक आत उघडणारं असावं. कुत्रा आतून ढकलेल तेव्हा ते बंदच होईल. खालची फट दोन इंचांपेक्षा कमी ठेवा. पण नवीन फाटक काही दिवसांनी स्वतःच्या वजनाने थोडं खाली बसतं, म्हणून ती फार कमीही करू नका. खाली फरशी किंवा दगड बसवला तर उकरता येत नाही. कडी बाहेरून, आणि कडीवर स्प्रिंगचा हूक किंवा कुलूप. नाकाने कडी उचलणारे कुत्रे असतात. रुंदी इतकी ठेवा की माणूस पाण्याची बादली घेऊन सहज आत जाईल. फाटक अरुंद किंवा जड झालं तर घरची माणसं आत जायचं टाळतात आणि कुत्रा आत एकटा पडतो.

दार उघडलं की निसटायची सवय असलेल्या कुत्र्यासाठी फाटकाच्या आत एक छोटी चौकट आणि दुसरं फाटक करा. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

११. उकरणारे आणि चढणारे

उकरणाऱ्या कुत्र्यासाठी जाळीची दीड-दोन फुटांची पट्टी कुंपणाच्या तळाला बांधून आतल्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, खिळ्यांनी पक्की करा, वर माती टाका. कुत्रा अगदी कुंपणाच्या तळाशी उकरायला लागतो, तिथे त्याला जाळी लागते. चढणाऱ्यासाठी कुंपणाच्या वर आत झुकलेली जाळीची पट्टी लावा. कुत्र्याचं घर, पाण्याची टाकी, लाकडांचा ढीग कुंपणापासून चार-पाच फूट दूर ठेवा, नाहीतर तीच पायरी होते.

कुत्र्याच्या घराबद्दल थोडक्यात: तळ जमिनीपासून काही इंच वर, दार वारा आत शिरणार नाही अशा बाजूला, आत वळून बसता येईल एवढं. कडाक्याच्या थंडीत आत घोंगड्यांपेक्षा पेंढा बरा, घोंगडी ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात हवा खेळती हवी. पाणी दोन जड भांड्यांत, सावलीत.

१२. साखळी काढताना

साखळी मालकाच्या हातूनच काढू द्या, शक्य असेल तर घरातल्या मुलांसमोर. गटातल्या कुणाला फोटोसाठी हा मान हवा असेल तर त्याला प्रेमाने बाजूला करा. कुंपण त्या घराचं आहे.

आधी लीशवर (फिरवायच्या दोरीवर) कुत्र्याला कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारून आणा, म्हणजे नवी हद्द त्याला कळते. मग लीश सोडा. काही कुत्रे सुसाट पळतात. काही मात्र जुन्या गोलाच्या कडेपर्यंत येतात आणि तिथेच थांबतात, जिथे आजवर हिसका बसत होता. त्याला हाका मारून, ओढून बाहेर काढू नका. टाळ्या, आरडाओरडा नको. कुंपणाच्या पलीकडे जमिनीवर शांत बसून राहा, तो एक पाऊल पुढे टाकेल तेव्हा टाकेल. त्याला काही दिवसही लागू शकतात, हे मालकाला सांगून ठेवा.

जड साखळी आणि खुंटी त्याच दिवशी काढून घ्या. जागेवर राहिली तर एखाद्या गडबडीच्या दिवशी ती पुन्हा वापरली जाते. हलका गळपट्टा आणि त्यावर मालकाचा फोन नंबर मात्र असू द्या.

१३. नंतरच्या भेटी

पहिल्या आठवड्यात एक भेट, महिन्याने दुसरी, मग ऋतू बदलला की. काय पाहायचं: फाटक खाली बसलंय का, कुठे उकरलंय का, तारा सुटल्यात का, पाणी आहे का, आणि कुत्रा खरोखर मोकळा आहे का. पुन्हा बांधलेला दिसला तर चिडू नका, कारण विचारा. बऱ्याचदा कडी तुटलेली असते आणि ती दुरुस्त करायला सांगावं कोणाला हे माहीत नसतं.

कुंपणामुळे फिरायला नेण्याची गरज संपत नाही. कुत्र्याला माणसांत राहायचं असतं. मोकळा झालेला कुत्रा अंगावर उडणं, ओढणं कमी करतो, तसं घरच्यांना त्याच्याजवळ जायला आवडू लागतं आणि हळूहळू काही कुत्रे रात्री घरातही येतात. तो विषय तुम्ही काढा, पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत.

कुटुंब घर बदलणार असेल तर गटाला कळवायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. मधल्या खांबांना काँक्रीट घातलं नसेल तर ते उपटता येतात, जाळी गुंडाळता येते आणि तेच सामान नव्या अंगणात लागतं.